साहेब पलीकडच्या रस्त्यावर आहेत

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बाजार समितीचे माजी सभापती आदरणीय बापूजी; आजचे सत्कारमूर्ती गुल्हाने साहेब यांच्या सौभाग्यवती विमलताई; सूत्रसंचालनाची धुरा सांभाळणाऱ्या शीला मॅडम; समोर बसलेले शेतकरी बांधव, हमाल-मापारी मंडळी, व्यापारी मित्र, तांड्यावरून आलेल्या माता-भगिनी; आणि व्यासपीठावरच्या या दोन रिकाम्या खुर्च्या. सर्वांना माझा जय भीम, राम राम आणि जय सेवालाल.

हसू नका. खुर्च्यांचा मान आहे तो. एक खुर्ची गुल्हाने साहेबांची. रस्त्याच्या खात्यात आयुष्य घालवून ते आज संध्याकाळी सेवानिवृत्त होत आहेत. दुसरी आपल्या धावजीभाऊंची. यंदाच्या हंगामातली कापसाची पहिली बैलबंडी त्यांची, म्हणून रिवाजाप्रमाणे शेला-टोपी-नारळ देऊन त्यांचाही सत्कार आहे. बापूजींनी दोन्ही सत्कार एकाच दिवशी, एकाच मांडवात ठेवले. मंडप एक, माईक एक, चहा एक. काटकसर चांगली गोष्ट आहे. फक्त एवढंच लक्षात राहिलं नाही, की खरेदीच्या पहिल्या दिवशी आपल्या गावचा रस्ता कसा असतो. तेव्हा दोन्ही सत्कारमूर्ती सध्या रस्त्यात आहेत. भोंगे ऐकू येतच आहेत तुम्हाला.

खरं तर पत्रिकेत माझं नाव नाही. मी धर्मपाल, या गेटशेजारच्या बसस्थानकावरचा वाहतूक नियंत्रक. मघाशी शीला मॅडम माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, साहेब येईपर्यंत तुम्ही बोला. लोकांले थांबवून ठेवायची तुम्हाले सवय आहे." बाई खरं बोलल्या. भोंग्यावर 'वणीकडे जाणारी गाडी काही कारणास्तव उशिरा धावत आहे' हे सांगण्यात माझी हयात गेली. ते 'काही कारण' काय असतं, हे मात्र कधी सांगता आलं नाही. आज मुद्दाम माईक दिलाच आहे, तर सांगतो.

निरोप समारंभात माणसाबद्दल चांगलं बोलावं, हा संकेत आहे. गुल्हाने साहेबांबद्दल चांगलं बोलायला मला जराही कष्ट पडत नाहीत. साहेब दारव्ह्याहून बदलून इथं आले तेव्हा पहिल्या आठवड्यात बसस्थानकावर आले, माझ्या खिडकीशी उभे राहिले आणि विचारलं, "धर्मपाल, चहा कुठं चांगला मिळते?" साहेब असून नावानं हाक मारली, चौकशी केली. सरकारी जीप असताना हा माणूस भाजीला पायी जातो. कोणाचा अपमान नाही, कोणावर ओरडणं नाही. हो ना विमलताई? ताई मान हलवतात, पण कोणत्या बाजूला हलवतात ते इथून नीट दिसत नाही.

आता रस्त्याकडे येतो. कारण साहेबांचं आमच्या गावातलं मोठं काम म्हणजे हा चौपदरी रस्ता.

मंडळी, आठवून पाहा. रस्ता आधी काय होता? अरुंद होता, खड्डे होते, पण आपला होता. बंडी तांड्याकडून यायची, बाजार समितीच्या गेटसमोर आली की बैल आपसूक उजवीकडे वळायचे. कासरा ओढायची गरज नाही. गाडीवान बंडीत झोपलेला असला तरी कापूस काट्यावर पोहोचायचा. मग कापसाचे हे दिवस आले. भाव, बोंडअळी, कर्ज, सगळं तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी पामरानं काय बोलावं? पण त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात मोठमोठी माणसं येऊ लागली. ताफेच्या ताफे. आपलं दुःख पाहायला. आणि ताफ्यांना जागा पुरेना म्हणून गावातला रस्ता रुंद झाला. दुःख जागच्या जागी राहिलं, रस्ता मात्र रुंद झाला. बरं, झाला तर झाला. आपण खूश होतो. मीही होतो, खोटं कायले बोलू.

तोवर मधोमध डिव्हायडर उभा राहिला.

डिव्हायडर वाईट नसतो. समोरासमोर टक्कर होत नाही, रात्री डोळ्यावर लाइट येत नाही. शास्त्र आहे त्यात. पण शास्त्र म्हणतं की जिथं लोक वळतात तिथं मोकळी जागा सोडा. त्याला आपण 'कट' म्हणतो. आपल्या गावात कट कुठं आहे? रेस्ट हाऊससमोर आहे. ताफे तिथं वळतात ना. बाजार समितीच्या गेटसमोर, जिथं अख्ख्या तालुक्याचा कापूस वळतो, तिथं कट नाही. म्हणजे गेट डोळ्यांना दिसतं, आतला काटा दिसतो, काट्यावरचा मापारी तंबाखू मळतो ते दिसतं, आणि बंडीवाल्यानं मात्र तसंच पुढं रेस्ट हाऊसपर्यंत जायचं, वळायचं आणि उलट यायचं. बंडी, ट्रॅक्टर, मेटॅडोर, वणीहून येणारे-जाणारे कोळशाचे ट्रक, माझ्या यष्ट्या, काळीपिवळ्या, सगळे त्या एका कटवर जाऊन ताटकळत उभे. हंगामात सकाळी निघालेली माझी गाडी गावाबाहेर पडेपर्यंत प्रवासी दोनदा उतरून चहा पिऊन येतात. आणि शिव्या कोणाला? खिडकीतल्या धर्मपालला.

आता तुम्ही म्हणाल, कट इथं का नाही? यात साहेबांची चूक किती आणि आपली किती? बापूजी, आपण अध्यक्ष आहात, परवानगी असेल तर सांगतो. बापूजी हसून राह्यले, म्हणजे परवानगी आहे.

रस्ता मंजूर होण्याआधी खात्याची माणसं गाड्या मोजायला येतात. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि कुठून किती वाहनं गेली, कुठं वळली, ते मोजतात. त्यावरून कट ठरतो. तर भर हंगामात, माघात, बापूजींना निरोप आला की उद्या आपल्या गेटसमोर मोजणीसाठी माणसं येणार. आता आपल्या गावाची रीत काय? साहेब येणार म्हटलं की आपण आधी झाडू हातात घेतो. बापूजींनी त्याच संध्याकाळी दवंडी पिटवली. "उद्या साहेब लोक रोड पाहाले येऊन राह्यले, कोणी बंडी रोडवर आणू नये हो." बाजाराला सुट्टी दिली. ट्रॅक्टरवाल्यांना शेतातच थांबवलं. सकाळी बायांनी सडा टाकला, गेटसमोर डांबरावर ही मोठी रांगोळी काढली. शाळेची मुलं फुलं घेऊन उभी. मोजणीवाले आले, त्यांना पोहे दिले, मोसंबीचा रस दिला. बिचारे दिवसभर बसले. मोजायला काही असेल तर मोजतील ना! मलाही निरोप होता, की यष्ट्या बाहेरून न्या. मी म्हटलं, गाडी वेळापत्रकानं जाईल, रांगोळीनं नाही. त्यामुळं त्या दिवशी गेटसमोरून गेल्या त्या फक्त माझ्या गाड्या, आणि त्या काही वळत नाहीत. संध्याकाळी मोजणीवाले जाताना म्हणाले, "गाव लय शांत आहे." आपल्याला ती शाबासकी वाटली.

पुढं डिव्हायडर झाल्यावर आपण सगळे तक्रार घेऊन साहेबांकडे गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पण तुमच्या गेटसमोर कोणी वळतच नाही." त्या वेळी बापूजींचा चेहरा मी पाहिलेला आहे, त्यामुळं आज त्यांना जास्त बोलणार नाही. गावाची अब्रू राखायला गेले आणि गावाचा रस्ता बंद झाला. पण साहेब, म्हणजे ती रिकामी खुर्ची, तुम्हाला तरी काही वाटायला नको होतं का? बाजार समितीचं गेट आहे. वर हत्तीएवढ्या अक्षरात पाटी आहे. समोर कापूस उडून तारेला चिकटलेला आहे. मोजणीत नाही म्हणून डोळ्याला दिसत नाही, असं असतं का? माणूस चांगला आहे म्हणून मी किती दिवस गप्प राहू?

माफ करा. आवाज वाढला. माईकची सवय आहे.

शीला मॅडमच्या मोबाइलवर कोणाचा तरी फोन आलेला दिसतो. साहेबांचाच आहे म्हणतात. कुठं पोहोचले? ... बरं. मंडळी, सूचना ऐका. साहेब पलीकडच्या रस्त्यावर आहेत. आपल्या गेटच्या अगदी समोर. त्यांना आपला मंडप दिसतो, स्वतःच्या नावाचा बॅनरही दिसतो. पण पुढं रेस्ट हाऊसपर्यंत गाड्या खेटून उभ्या आहेत आणि मधे डिव्हायडर आहे. आणखी काय म्हणतात? त्यांच्या जीपच्या पुढं एक कापसाची बंडी आहे. बैल थांबले आहेत, पुढं जात नाहीत. धावजीभाऊ आहेत.

आता यात हसण्यासारखं काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धावजीभाऊंची जोडी होती हरण्या आणि पाखऱ्याची. वर्षानुवर्षं हंगामातली पहिली बंडी त्यांचीच. त्या बैलांना आपलं गेट पाठ होतं. डिव्हायडर झाल्यावर धावजीभाऊंनी त्यांना पुढं न्यायचा किती प्रयत्न केला ते मी खिडकीतून रोज पाहायचो. गेटसमोर आले की दोन्ही बैल डिव्हायडरला तोंड लावून उभे. मारून पाहिलं, ओढून पाहिलं, समोर सरकीची ढेप धरून चालून पाहिलं. कधी चालत, कधी नाही. मी एकदा म्हटलं, "भाऊ, बैल बदला ना." तर म्हणतात, "धर्मपालभाऊ, बैल बरोबरच उभा रायते. रोडच चुकला. मंग बैल कायले बदलू?"

गेल्या हंगामात असाच जाम लागला होता. सकाळपासून सगळं ठप्प. हरण्या-पाखऱ्या गेटसमोर डिव्हायडरला लागून उभे. तोवर काही धोका नव्हता, कारण कोणीच हलत नव्हतं. जाममध्ये कोणी मरत नाही, मंडळी. मरतात ते जाम सुटल्यावर. पुढं रस्ता मोकळा झाला आणि इतका वेळ कुजत बसलेल्या गाड्या सुसाट निघाल्या. कोळशाचा एक ट्रक पुढच्या ट्रॅक्टरला मागं टाकून आतल्या अंगाला घुसला. समोर बंडी आहे हे त्याला दिसेपर्यंत उशीर झाला होता. धावजीभाऊ बंडीतून खाली उतरून बैलाला चुचकारत होते, ते बाजूला फेकले गेले म्हणून वाचले. हरण्या जाग्यावर गेला. पांढरा कापूस रस्ताभर. मी खिडकी सोडून धावत गेलतो. धावजीभाऊ हरण्याचं जू सोडत होते. मेलेल्या बैलाच्या मानेवरचं जू. मला म्हणाले, "याले आता तरी सोडू द्या."

कागदावर दोष कोणाचा लागला? धावजी, राहणार तांडा, यांनी वाहन रहदारीच्या रस्त्यात उभं केलं. ट्रकवाल्याचा नाही. रस्त्याचा तर नाहीच नाही. रस्त्यावर आजवर कधी गुन्हा दाखल झालेला ऐकला आहे का कोणी?

दुसऱ्या दिवशी गुल्हाने साहेब आले होते. हे मी साहेबांच्या बाजूनं सांगतो. एकटे आले. त्या जागी बराच वेळ उभे राहिले, पावलांनी मोजलं आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "धर्मपाल, इथं कट पाहिजेच. मी करतो." डोळे ओले होते माणसाचे. मी तांड्यावर जाऊन सांगितलं, साहेबांनी शब्द दिला. उन्हाळा गेला. पावसाळा गेला. आणि काम झालं ते काय झालं? लोक डिव्हायडरवरून उड्या मारतात म्हणून त्यावर लोखंडी जाळी बसवली. आता उडीही बंद. पोळ्याला धावजीभाऊंनी पाखऱ्याला एकट्याला सजवलं. मग कुठून तरी एक जोडीदार आणला, नवखा. तो बिचारा पाखऱ्या करील तसं करतो. पाखऱ्या थांबला की तोही थांबतो.

म्हणून मी आज बोलायला उभा राहिलो. साहेबांच्या हाती आजचा दिवस आहे. उद्या नवे साहेब येतील, त्यांना हरण्या माहीत नाही, धावजीभाऊ माहीत नाहीत. आज हंगाम उघडला. उद्यापासून रोज बंड्या या गेटसमोर थांबतील. एवढा एक कट. काही पूल मागत नाही आम्ही.

अरे, दारात बघा. या साहेब, या. मंडळी, टाळ्या. ... साहेबांच्या सफारीला कापूस लागला आहे. कसे आलात साहेब? ... मागच्यांना ऐकू आलं नसेल, सवयीप्रमाणं मी सांगतो. साहेब म्हणतात, धावजीनं हात दिला, बंडीतल्या कापसावर चढलो आणि जाळीवरून अलीकडं उतरलो. बसा साहेब. ताई, त्यांना पाणी द्या. धावजीभाऊ? ... ते नाही आले. बैल सोडून कसे येतील?

साहेब, शाल तयार आहे. हार तयार आहे. पण मी वेळ खाऊन राह्यलो ते एका प्रश्नासाठी; तो इथंच सर्वांसमोर विचारतो. गेटसमोरचा कट होणार का? आज होणार का?

... मागे सांगतो. साहेब म्हणतात, "धर्मपाल, माझा चार्ज सकाळीच गेला. आता माझ्या हाती काही नाही."

थांबा, गोंधळ नको. विमलताई काहीतरी म्हणतात. माईक घ्या ताई. नको? बरं, मी सांगतो. ताई साहेबांना विचारतात, "अन् चार्ज होता तवा काय केलं?"

ताई, हा प्रश्न मला विचारता आला नसता. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस मी, पण साहेबांच्या भिडेत होतो.

साहेब उत्तर देतात. शांत राहा. मी शब्दाला शब्द सांगतो. "कट बंद ठेवला आणि कोणी मेलं, तर दोष गाडीवाल्याचा. मी कट उघडला आणि तिथं कोणी मेलं, तर दोष माझा. पेन्शन जवळ आली होती. रोज ठरवलं, रोज भ्यालो."

खरं बोललात साहेब. आजपर्यंत इतकं खरं या खात्यातून कोणी बोललं नव्हतं, म्हणून मी आपला आभारी आहे. पण राग गेला नाही. रागावू नका म्हणाल तर तेही जमणार नाही. तुमच्या भीतीचं ओझं हरण्यानं ओढलं, त्याची काय पेन्शन होती? चुकीच्या जागी उभं राहण्याचा दोष ज्यानं कधी रस्ता चुकला नाही त्याच्यावर लागला. हे मी तुमच्या निरोपाच्या दिवशी बोलतो, याचं मला वाईट वाटतं. पण दुसऱ्या कोणत्या दिवशी बोलू? तुम्ही उद्यापासून इथं नाही, आणि रस्ता इथंच आहे.

आता समारोप करतो. बापूजींनी मला बोलू दिलं, शीला मॅडमनी माईक दिला, विमलताईंनी—

एक मिनिट.

भोंगे थांबले. ऐका. कोणाचाच भोंगा वाजत नाही.

जाम सुटला. गाड्या निघाल्या. धावजीभाऊ पलीकडं एकटे आहेत, पाखऱ्या हलणार नाही. बापूजी, उठा. हमाल मंडळी, पुढं व्हा, जाळीवरून जा, बंडीच्या मागं जाऊन उभे राहा, हात वर करा, गाड्या अडवा. साहेब, तुम्हीही चला. चार्ज नसला तरी रस्त्यात उभं राहता येतं. शाली इथंच राहू द्या. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पोटात घाला, आभार मागाहून मानू. माईक चालू राहू दे. चला लवकर.